दर रविवारी नवे गीत : योहान सेबास्टियन बाख

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात आयझेनाख नावाचे एक लहानसे शहर आहे. शहराच्या डोक्यावर वार्टबुर्गचा किल्ला उभा आहे. १५२१-२२ च्या हिवाळ्यात मार्टिन ल्यूथर याच किल्ल्यात लपून राहिला होता आणि तेथेच त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. या आयझेनाखात, तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे २१ मार्च १६८५ रोजी, योहान सेबास्टियन बाख जन्मला. लहानपणी ल्यूथर ज्या शाळेत शिकला त्याच शाळेत हा मुलगाही जाऊ लागला.

बाखांच्या घराण्यात गाणे-वाजवणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. आपल्याकडे सुताराच्या मुलाच्या हाती रंधा येतो तसे त्यांच्या मुलांच्या हाती वाद्य येई. एर्फुर्ट शहरात तर नगराच्या वादकांना लोक बाख याच नावाने ओळखत. पुढे त्या घराण्यातले कोणी तेथे उरले नाही तरी ते नाव टिकून राहिले. सेबास्टियनचे वडील आयझेनाखचे नगरवादक होते. परंतु १६९४ साली, मुलगा नऊ वर्षांचा असताना, आई वारली आणि वर्षाच्या आतच वडीलही गेले. पोरका सेबास्टियन ओर्डुर्फ या गावी थोरल्या भावाकडे राहावयास गेला. हा भाऊ तेथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे.

या घरातली एक हकिगत प्रसिद्ध आहे. भावाजवळ त्या काळच्या नामांकित संगीतकारांच्या रचनांची एक वही होती. ती आपल्याला द्यावी म्हणून मुलाने पुष्कळ विनवणी केली, पण भाऊ देईना. वही जाळीच्या दाराच्या कपाटात कुलुपात असे. मुलाचे हात लहान, ते जाळीतून आत जात. वहीला पुठ्ठा नव्हता, त्यामुळे ती गुंडाळून बाहेर ओढता येई. घर निजले की तो वही काढी व उतरवून घेई. दिवा मिळत नसे, म्हणून चांदण्यात लिहीत बसे. सहा महिन्यांनी नक्कल पुरी झाली. आणि मग भावाला पत्ता लागून त्याने ती काढून घेतली. बाखच्या मृत्यूनंतर १७५४ साली छापलेल्या मृत्युलेखात ही गोष्ट आली आहे. तो लेख लिहिणाऱ्यांत त्याचा स्वतःचा मुलगा होता, तेव्हा बापाने ती घरी मुलांना सांगितली असावी. संडेस्कूलच्या वर्गात ती सांगताना कुलुपाचा भाग शिक्षकांनी जरा जपून सांगावा हे बरे! परंतु नक्कल गेली तरी सहा महिने जे हाताखालून गेले ते भावाला काढून घेता आले नाही, एवढे मुलांच्या ध्यानात सहज येईल.

कवीला किंवा गवयाला सुचते कसे, याविषयी आपल्यात एक समज फार पसरलेला आहे. एखाद्या रात्री अवचित काही तरी उतरते, आणि ज्याच्यावर उतरत नाही त्याने स्वस्थ बसावे, असा तो समज. बाखचे चरित्र वाचताना मला वाटते की या समजाला त्याच्याइतका भक्कम विरोध दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल, आणि तोही वाद न घालता. तुम्ही एवढे निपुण कसे झालात असे विचारले की आपण कष्ट केले आणि जो तेवढे कष्ट करील त्यालाही हे साधेल, अशा आशयाचे उत्तर तो देई, असे त्याचा पहिला चरित्रकार फोर्केल याने नमूद केले आहे. या उत्तरात विनय थोडा जास्तच आहे हे उघड आहे. पण ते खोटेही नाही.

पंधराव्या वर्षी तो ल्यूनेबुर्गला एका चर्चच्या गायनमंडळात दाखल झाला. १७०३ साली, अठराव्या वर्षी, आर्नश्टाट येथील नव्या चर्चचा ऑर्गनवादक झाला. १७०५ च्या शरद ऋतूत त्याने चार आठवड्यांची रजा मागितली. उत्तरेला समुद्राजवळ ल्यूबेक शहरात बुक्स्टेहूडे नावाचा वयोवृद्ध ऑर्गनवादक होता. त्याचे वादन ऐकावे ही इच्छा. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. मृत्युलेख सांगतो की बाख ते पायी गेला. आणि तेथे गेल्यावर चार आठवडे कसले, चार महिने होत आले तरी तो परतला नाही! ल्यूबेकच्या सेंट मेरी चर्चमध्ये नाताळाच्या आधी सायंकाळी बुक्स्टेहूडेची मोठी संगीतसभा होत असे. तिच्यासाठी लांबून लोक येत. हे सोडून यावे कसे?

फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या पंचांनी त्याला समोर बोलावले. इतके दिवस कोठे होतास ही पहिली तक्रार. दुसरी तक्रार अशी की परत आल्यापासून हा गीतांच्या मध्येच चमत्कारिक स्वर घालतो, चाल अशी काही नटवतो की मंडळी गोंधळून जाते. चरित्रकार बहुतेक या पंचांची थट्टा करतात. मला ती पटत नाही. पेटीवाल्याच्या करामतीत सापडून दुसऱ्या कडव्याला अडखळलेली मंडळी आपणही पाहिलेली आहे. पंचांचे काम मंडळीला गाता यावे हे पाहण्याचे होते, आणि वीस वर्षांच्या तरुणाला तेव्हा आपण जे ऐकून आलो त्याखेरीज काही सुचत नव्हते. पुढे त्याने जे केले त्यात पंचांचे गाऱ्हाणे आणि ल्यूबेकचे वेड दोन्ही एकत्र आली.

१७०८ साली तो वायमार येथील दरबारात गेला. तेथे त्याने एक लहान वही बांधली. मंडळीत वर्षभर गायिल्या जाणाऱ्या १६४ गीतांची नावे त्याने एकेका पानाच्या माथ्यावर लिहून ठेवली आणि प्रत्येक गीताच्या चालीवर ऑर्गनसाठी एक छोटी रचना करावयाची असे ठरवले. नावे आधी, संगीत मागाहून. पुरी झाली ती ४६; बाकीची पाने मथळ्यांसकट जवळजवळ कोरीच राहिली. ही वही बर्लिनच्या ग्रंथालयात आजही आहे. चाल नवी शोधायची नाही, मंडळीच्या तोंडी असलेलीच घ्यायची, आणि तिच्याखाली त्या गीताचा अर्थ बोलेल असे काही तरी रचायचे, ही त्याची रीत येथे पक्की झाली. आदामाच्या पतनाचे गीत असेल तर खालचे स्वर अडखळत, कोसळत जातात. गीत ज्याला पाठ आहे त्याला ते सांगावे लागत नाही.

याच सुमारास वायमारच्या तरुण राजपुत्राने हॉलंडहून छापील संगीताचे गठ्ठे आणले. त्यांतून इटलीतील विवाल्डीच्या रचना बाखच्या हाती पडल्या. अनेक वाद्यांसाठी लिहिलेल्या त्या रचना त्याने एकट्या ऑर्गनवर किंवा तारांच्या पेटीवर वाजवता याव्यात अशा बेताने पुन्हा उतरवून काढल्या. तिशीच्या उंबरठ्यावरचा, नावाजलेला माणूस पुन्हा चांदण्यातल्या मुलासारखा नक्कल करीत बसला! विवाल्डीकडून तो विचाराची मांडणी शिकला : एक ठाशीव कल्पना घ्यायची, ती दूर न्यायची, पुन्हा घरी आणायची. यानंतरची त्याची रचना निराळी दिसते.

१७१७ साली नोकरी सोडण्याचा हट्ट धरला म्हणून वायमारच्या सरदाराने त्याला जवळजवळ चार आठवडे कैदेत ठेवले, मग काढून टाकले. तेथून तो क्योटेनला गेला. तेथला राजा लिओपोल्ड कॅल्विनच्या मताचा. त्याच्या चर्चमध्ये वाद्यसंगीताला फारशी जागा नव्हती, पण दरबारात होती. ही वर्षे सुखाची. परंतु १७२० च्या उन्हाळ्यात राजाबरोबर गेलेला बाख परत घरी आला तो बायको मारिया बार्बारा वारली होती आणि तिला पुरूनही झाले होते. निघताना ती धडधाकट होती. घरात चार लहान मुले. दीड वर्षाने त्याने आन्ना माग्डालेना या दरबारी गायिकेशी लग्न केले. ती पुढे त्याच्या संगीताच्या असंख्य नकला करू लागली, आणि तिचे अक्षर हळूहळू नवऱ्यासारखेच वळू लागले.

थोरला मुलगा फ्रीडेमान नऊ वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्याच्यासाठी एक शिकवणीची वही घातली होती. तिच्यात वाढत गेलेल्या दोन आणि तीन आवाजांच्या तीस छोट्या रचना १७२३ साली बाखने स्वच्छ लिहून काढल्या. त्यांच्या मुखपृष्ठावर हेतू लिहिला आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. शिकणाऱ्याने दोन्ही हात नीट चालवावेत, गाता गळा असल्यासारखे वाजवावे, हे तर त्यात आहेच. पण त्याने चांगल्या कल्पना मिळवायला शिकावे, त्या पुढे चालवायलाही शिकावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे सुचणे ही शिकवता येणारी गोष्ट आहे असे बाख मानीत होता! शिकवायची कशी, तेही वहीत दिसते. आरंभी पाच-सात स्वरांचा एक तुकडा. तो डाव्या हाताने उचलायचा. मग उलटा करायचा. जेथे चढत होता तेथे उतरवायचा. मग लांबवायचा. मग त्याचे शेपूटच तेवढे घेऊन खेळायचे. तुकडा क्षुल्लक असला तरी चालतो; त्यात काय दडले आहे हे विचारीत राहण्याची सवय हवी. विद्यार्थ्याला अशी विचारपूस करता येऊ लागली की कल्पना संपण्याची भीती उरत नाही.

त्याच वर्षी तो लाइपझिगला आला. सेंट थॉमस शाळेचा गायनशिक्षक आणि नगरातील मुख्य चर्चांच्या संगीताचा प्रमुख अशी ही जागा. नगरसभेला टेलेमान हवा होता. तो आला नाही. मग ग्राउपनर हवा होता. त्याला त्याच्या धन्याने सोडले नाही. उत्तम मिळत नाहीत तर मध्यमावर भागवावे लागेल असा सूर एका सभासदाने सभेत काढला आणि बाखची नेमणूक झाली. ३० मे १७२३ रोजी, त्रैक्य रविवारानंतरच्या पहिल्या रविवारी, त्याचे पहिले संगीत सेंट निकोलस चर्चमध्ये झाले.

आता कामाचा पसारा पाहा. दर रविवारी व सणाच्या दिवशी, शुभवर्तमानाच्या पाठानंतर, उपदेशाच्या आधी वीसएक मिनिटांचा कँटाटा व्हावा लागे : गायनमंडळ, एकेकटे गायक, वाद्ये आणि शेवटी बहुधा मंडळीच्या परिचयाचे गीत. आगमनकाळाचे काही रविवार आणि उपवासकाळ सोडला तर वर्षाला साठाच्या आसपास. पहिली काही वर्षे त्यांतले बहुतेक तो स्वतः नवे लिहीत होता. स्वरलिपी पुरी होताच मुले, शिष्य, बायको सगळे टेबलाभोवती बसून प्रत्येक गायक-वादकाचे पान वेगळे उतरवून काढीत. पुष्कळदा शाई वाळण्याचीच काय ती सवड. बाखच्या हातच्या काही पानांच्या तळाशी पुढच्या पानावरचे पहिले दोनचार स्वर घाईने टिपलेले दिसतात. पान ओले आहे, उलटता येत नाही, तोवर सुचलेले हरवू नये म्हणून! कोठे कोठे सुरुवातच खोडून दुसरी घातलेली आहे. लहर येण्याची वाट पाहणाऱ्याचे हे कागद नव्हेत.

मग दर आठवड्याला आणायचे कोठून? त्या रविवारचा पाठ ठरलेला असे, शब्द कोणी तरी रचून दिलेले असत. बाख शब्दांत एखादी हालचाल शोधी : लाटा, पावले, रडणे, पडणे, धावणे. ती सापडली की तिचा स्वरांचा तुकडा होई, आणि तुकड्याचे काय करायचे हे क्योटेनच्या वहीत आलेच आहे. १७२४ च्या जूनपासून त्याने याहून कडक बंधन स्वतःवर घालून घेतले. प्रत्येक कँटाटा मंडळीच्या एकेका जुन्या गीतावरच उभारायचा. सुमारे ४० रचना या रीतीने झाल्या. पहिल्या चार कँटाटांत गीताची मूळ चाल पाळीपाळीने चार आवाजांना दिलेली आहे. सर्वांत वरच्या आवाजापासून आरंभ करून चौथ्या कँटाटात ती सर्वांत खालच्याकडे येते. चर्चमध्ये बसलेल्या किती लोकांच्या हे ध्यानात आले असेल? पण बंधन घातल्याने त्याला सुचणे सोपे जात होते असे दिसते.

११ एप्रिल १७२७ रोजी, उत्तम शुक्रवारी, सेंट थॉमस चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचे त्याचे संगीत बहुधा प्रथम गायिले गेले. संडेस्कूलच्या शिक्षकांनी त्यातली एक जागा जरूर ऐकावी. भोजनाच्या वेळी येशू सांगतो की तुमच्यातला एक जण मला धरून देईल. शिष्य एकदम विचारू लागतात, तो मी आहे काय? गायनमंडळ हा प्रश्न मोजून अकरा वेळा विचारते. बारावा यहूदा, तो मागाहून एकटा विचारतो. आणि अकराव्या प्रश्नाला उत्तर देते ते मंडळीचे ओळखीचे गीत, ज्यात गाणारा कबूल करतो की दोषी मीच आहे. मत्तयाचा अध्याय आपण किती वेळा वाचलेला असतो! बाखने त्यात बाहेरचे काही घातले नाही, फक्त शिष्य मोजले आणि मंडळीला त्यांच्या शेजारी बसवले. तसेच, येशू बोलतो तेव्हा त्याच्या शब्दांभोवती तंतुवाद्यांचा मंद झांक असतो. वधस्तंभावर देवाने मला का सोडले असे तो विचारतो तेथे मात्र तो झांक नाही.

या संगीतात एक चाल पाच वेळा येते. काट्यांच्या मुगुटाने घायाळ झालेल्या मस्तकाविषयीचे ते गीत जगभर गायिले जाते. ती चाल मुळात हान्स लेओ हास्लर याच्या १६०१ साली छापलेल्या एका प्रेमगीताची होती. आपल्या गीतपुस्तकांतही परदेशी चाली आणि देशी भजनांच्या चाली शेजारी शेजारी नांदत आहेत, तेव्हा याचे आपल्याला नवल वाटू नये.

बाख स्वतःच्या जुन्या गोष्टीही अशाच फिरवून वापरी. १७३३ साली सॅक्सनीच्या राजघराण्यातील वाढदिवसांसाठी त्याने लिहिलेले संगीत एकेकदाच वाजले होते. वाढदिवस होऊन गेला की त्या शब्दांना कोण विचारतो? पुढच्या वर्षीच्या नाताळासाठी त्याने त्यातूनच सहा भागांचे मोठे संगीत घडवले. राणीसाठी वाजलेले नगारे बेथलेहेमच्या बाळासाठी वाजू लागले. तरुण हर्क्युलीसला मोहात पाडण्यासाठी सुखदेवता जे गाणे गाते तेच गव्हाणीजवळचे अंगाईगीत झाले. काही टीकाकारांना हे कमीपणाचे वाटते. परंतु ज्या घरात ते लिहिले गेले त्या घराकडेही पाहिले पाहिजे. १७२६ ते १७३३ या आठ वर्षांत बाख आणि आन्ना माग्डालेना यांची सात मुले गेली. दोन्ही लग्नांची मिळून वीस मुले झाली, त्यांतली दहाच मोठी झाली. अंगाईचे सूर त्या घराला कोठून उसने आणावे लागत नव्हते, आणि एकदा सापडलेला खरा सूर एका वाढदिवसाबरोबर फेकून देण्याची त्याची तयारी नव्हती.

नगरसभेशी त्याचे कधी फारसे पटले नाही. तो तापट होता, शाळेचे वर्ग घेणे त्याला आवडत नसे. १७३० साली त्याने सभेला एक लांबलचक अर्ज दिला. त्यात मुलांची मोजदाद आहे : १७ कामाची, २० अजून तयार नसलेली, १७ निरुपयोगी. त्याच वर्षी एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात हवा चांगली असल्याने माणसे कमी मरतात आणि अंत्यविधीच्या संगीताचे उत्पन्न बुडते, अशीही तक्रार आहे! देवभक्त माणसाला पोट नसते असे थोडेच आहे?

त्याच्या वापरातले टीकेसहित पवित्र शास्त्र, तीन खंड, १९३४ साली अमेरिकेत एका शेतकरी कुटुंबाकडे असल्याचे उघडकीस आले. खंडांवर त्याची सही व १७३३ साल आहे. दुसऱ्या इतिहासाच्या पाचव्या अध्यायात, लेवी गवई एकसुराने गात असता मंदिर मेघाने भरून गेले अशी कथा आहे. तिच्या समासात बाखने आपल्या हाताने टिपण केले आहे. भक्तीने केलेल्या संगीतात देव आपल्या कृपेने सदा हजर असतो असा त्याचा भाव आहे. हे टिपण छापण्यासाठी नव्हते, कोणाला दाखवण्यासाठी नव्हते. आपल्या कँटाटांच्या स्वरलिपीच्या आरंभी येशूच्या साहाय्याची विनंती करणारी दोन अक्षरे आणि शेवटी गौरव केवळ देवाचे असे सांगणारी तीन अक्षरे तो पुष्कळदा लिही. मधल्या पानांवर मात्र खाडाखोड त्याचीच आहे.

मे १७४७ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने पोट्सडामच्या राजवाड्यात त्याला एक चाल दिली आणि तिच्यावर तेथल्या तेथे वाजवून दाखवायला सांगितले. बाखने तीन आवाजांत वाजवले. राजाला सहा आवाज हवे होते. तेव्हा त्या चालीवर ते लगेच बसणार नाहीत असे पाहून त्याने स्वतःची चाल घेतली आणि ती सहांत वाजवली. घरी आल्यावर मात्र राजाचीच चाल घेऊन तो बसला. दोन महिन्यांत ती सहा आवाजांत आणि आणखी कितीतरी प्रकारांनी मांडून त्याने छापून राजाकडे धाडली.

शेवटच्या वर्षांत तो लॅटिन उपासनेचे एक मोठे संगीत पुरे करीत होता. ख्रिस्त वधस्तंभी खिळला गेला या भागासाठी त्याने १७१४ सालचा, स्वतःच्या तरुणपणीचा, रडण्या-कण्हण्याविषयीचा तुकडा काढला. अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरणारी तळची ओळ तेथे बारा वेळा फिरते. पस्तीस वर्षांनी त्याने ती तेराव्यांदा फिरवली, आणि त्या शेवटच्या वेळी वरची वाद्ये थांबवून आवाज अगदी खाली, कबरेत उतरावेत तसे उतरवले. डोळे तोपर्यंत निकामी होत चालले होते. १७५० च्या वसंतात जॉन टेलर या फिरत्या इंग्रज वैद्याने दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी गेलीच, प्रकृतीही ढासळली. २८ जुलै १७५० रोजी बाख वारला. कबरेवर नावाचा दगडही नव्हता. आन्ना माग्डालेना दहा वर्षे जगली, ती धर्मादायावर. हाती आलेली गीत-कँटाटांची सुटी पाने तिने सेंट थॉमस शाळेला दिली. थोरल्या फ्रीडेमानच्या वाट्याची पाने गरिबीत विकली गेली, आणि त्यांतले बरेच कायमचे हरवले.

फेलिक्स मेंडेलसोन याने १८२९ साली बर्लिनमध्ये मत्तयाचे दुःखसहन पुन्हा गाऊन घेतले आणि जगाला बाख परत मिळाला, असे सर्वत्र लिहिलेले असते. पण त्याच्याही आधी, १७८९ साली मोझार्ट लाइपझिगला आला होता. सेंट थॉमसच्या मुलांनी त्याला बाखचे आठ आवाजांचे एक स्तोत्र गाऊन दाखवले. ऐकता ऐकता तो सावरून बसला. शाळेत बाखची आणखीही काही स्तोत्रे आहेत असे कळताच त्याने ती मागितली. एकत्र स्वरलिपी नव्हती, प्रत्येक आवाजाचे पान तेवढे वेगळे होते. पाहणाऱ्याने लिहून ठेवले आहे की मोझार्टने ती पाने आपल्याभोवती मांडली, काही हातांत, काही गुडघ्यांवर, काही शेजारच्या खुर्च्यांवर, आणि शेवटचे पान पाहून होईपर्यंत तो जागचा उठला नाही. उठताना त्याने आपल्याला एक नक्कल करून द्यावी अशी विनंती केली.